लहान मुलांसाठी रडणं आणि भावना यांवरची चांगली चित्रपुस्तकं कोणती?

साडेचार वर्षांचा मुलगा जरा काही झालं की भोकाड पसरतो, आणि आजोबा 'मुलगे रडत नाहीत' म्हणून गप्प करतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच होतं, फक्त आजोबांच्या जागी आत्या होती आणि तिचा शब्द होता 'रडूबाई'.

मी आधी एकच पुस्तक सांगेन: कोरी डोअरफेल्ड यांचं 'द रॅबिट लिसन्ड' (२०१८). टेलर ठोकळ्यांचं काहीतरी झकास बांधतो, पक्षी येऊन ते पाडतात. मग कोंबडी येते, म्हणते बोलून टाक. अस्वल म्हणतं ओरड. हत्तीला सगळं होतं तसं उभं करायचंय. तरस म्हणतं हसून सोडून दे. साप तर दुसऱ्याचंही पाडायला निघतो. टेलरला यातलं काहीच नको असतं, म्हणून एकेक जण निघून जातो. शेवटी ससा येतो आणि नुसता जवळ सरकून बसतो. थोड्या वेळानं टेलर आपणहून बोलतो, ओरडतो, हसतोसुद्धा. म्हणजे कोंबडीचं चुकलं नव्हतं, तिला घाई झाली होती.

टेलर मुलगा की मुलगी, हे मूळ पुस्तकात कुठेच येत नाही. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत 'बोलला' की 'बोलली' हे ठरवावंच लागतं. मी इंग्रजी प्रत मांडीवर घेऊन मराठीत सांगते, तेव्हा मुद्दाम त्याला मुलगा करते. तुम्हीही करा, आजोबा ऐकत असतील तर जरूर.

आना येनास यांचं 'कलर मॉन्स्टर' सगळेच सुचवतात. राग लाल, दुःख निळं, भीती काळी, आणि प्रत्येक रंग वेगळ्या बरणीत. भावनांना नावं द्यायला ठीक आहे, पण मला ते बरण्यांचं फारसं पटत नाही. खेळात हरलेल्या पोराला राग आणि रडू एकदमच येतं, ते कुठल्या बरणीत भरणार? मराठीतच हवं असेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. निवडताना आधी शेवटचं पान बघा. तिथे रडणारं मूल खाऊ मिळून 'शहाणं बाळ' झालं असेल तर ती गोष्ट सोडा.

आणि पोरगं हमसून हमसून रडत असताना पुस्तक काढू नका. रात्री, पोट भरलेलं असताना वाचा, आणि मग 'काय शिकलास?' विचारू नका.

आमच्याकडे महिनाभर रोज ससा चालला होता. एकदा सायकलवरून पडून मुलगा मुसमुसत होता, त्याचे बाबा वेडीवाकडी तोंडं करून हसवायला गेले. त्यानं हुंदका आवरून सांगितलं, "बाबा, तरस नको ना. ससा." बाबा मुकाट्यानं फरशीवर त्याच्या शेजारी बसले.