गठ्ठ्यातील हरवलेल्या नोंदी

प्रश्न : बडोद्यात मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यातील भट्ट्यांच्या तापमानाच्या नोंदी आम्ही ॲमेझॉनच्या ‘आयओटी साइटवाइज’ या क्लाउड सेवेकडे कमांड लाइनवरून गठ्ठ्याने पाठवतो. दिवाळीच्या सुट्टीत साठलेल्या काही नोंदी तेथे पोहोचल्याच नाहीत. असे का व्हावे?

उत्तर : एका विनंतीत फार तर १० गट आणि प्रत्येक गटात १० मोजमापे मावतात, परंतु आपली अडचण बहुधा वेळेची असावी, कारण ७ दिवसांहून जुने किंवा १० मिनिटांहून पुढचे मोजमाप गठ्ठ्याने पाठवण्याच्या आज्ञेने स्वीकारले जात नाही. गठ्ठ्यातील काही मोजमापे नाकारली गेली तरी उरलेली स्वीकारली जातात, म्हणून सेवेच्या उत्तरातील ‘एररएंट्रीज’ (चुकांची यादी) हा भाग दर वेळी वाचावा. जुन्या नोंदी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यातून) बल्क इम्पोर्टने, म्हणजे एकगठ्ठा आयातीने, चढवता येतात. तोवर त्या मूळ संगणकावरून कृपया पुसू नका.