स्लॅब तापतो कुठे, ओल येते कुठून : घराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नागपूरला चार मजली इमारतीत आमचा फ्लॅट सगळ्यांत वर आहे. एप्रिल लागला की रात्री दहापर्यंत छताखाली बसवत नाही. पीओपीचे फॉल्स सीलिंग करावे, की गच्चीवर काही उपाय आहे? (नागपूर)

गच्चीवर. सीलिंगचा विचार नंतर, आणि बहुतेक वेळा तो करावाच लागत नाही.

सहा इंची उघड्या स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला साधारण चार-पाच तास घेते. दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी सहा-सातला तुमच्या डोक्यावर येते आणि रात्री पंखा लावला की तो छताला चिकटलेली गरम हवाच खाली ढकलतो. खालून सीलिंग केले तरी स्लॅब तापायचा तो तापतोच. शिवाय रोज तापून-निवून तो ताणला-आखडला जातो, आणि मग कठड्याच्या तळाशी आडवी भेग पडते. तिथूनच पावसाळ्यात गळती सुरू होते. इन्सुलेशन वर घातले तर स्लॅब स्वतःच सावलीत राहतो.

थोडा हिशेब. उघड्या सहा इंची स्लॅबमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला सुमारे ३.३ वॅट उष्णता आत येते. केंद्र सरकारच्या २०१८च्या इको निवास संहितेने घराच्या छतासाठी ही मर्यादा १.२ ठेवली आहे. स्लॅबवर ५० मिलिमीटर एक्सपीएसची (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरिन, म्हणजे कडक फोमची) शीट टाकली की आकडा ०.५च्या आसपास येतो.

कमी खर्चाचा उपाय आधी सांगतो : चुना. कळीचा चुना ५ किलो आदल्या दिवशी लोखंडी किंवा जाड प्लास्टिकच्या पिंपात भिजवा (चुना उकळतो, डोळ्यांना चष्मा हवाच). दुसऱ्या दिवशी गाळून त्यात १ किलो पांढरा सिमेंट आणि अर्धा किलो डिस्टेंपरमध्ये घालतात तो पांढरा गोंद मिसळा. एवढ्यात साधारण २५० ते ३०० चौरस फुटांवर दोन हात होतात. गच्ची घासून धुवा, किंचित ओली असताना पहाटे पहिला हात मारा, दुसरा त्याला आडवा. भर उन्हात मारलेला चुना वाळतो, पण धरत नाही. हाताला पांढरी पावडर लागते ती त्यामुळे. पावसात तो निघून जाणारच, त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यायचा. धुळीने पांढरेपणा उतरतो, म्हणून मे महिन्यात एकदा झाडून घेतलेले बरे.

कायमचे काम करायचे असेल तर क्रम मोडू नका. आधी गळती बंद करा. मग वॉटरप्रूफिंगचा थर द्या, तो कठड्यावर किमान एक फूट चढवा आणि कोपऱ्यात गवंड्याकडून वाटा (कठडा आणि स्लॅब भेटतात तिथली मालाची भर) नीट गोल करून घ्या. त्यानंतर ४८ तास पाणी भरून ठेवा. खालच्या छताला ओल दिसली नाही तरच पुढे. मग ५० मिलिमीटर एक्सपीएस, सांधे एकाआड एक. त्यावर कापडी थर, चिकन मेशसह दीड-दोन इंच काँक्रीट, ठरावीक अंतरावर सांधे सोडून, आणि शेवटी पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझॅक. पाणी आउटलेटकडे वाहायला शंभरात एक उतार हवा. कंत्राटदार एक्सपीएसऐवजी साधा थर्माकोल आणतो, तो दबतो आणि पाणी पितो. विकत घेताना घनता विचारा. ३२ ते ३६ किलो दर घनमीटर असावी.

चार इंचांचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आधीच असेल तर त्याच्यावर आणखी जड थर चढवू नका. कोब्याचेच वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात असते. आणि गच्ची सोसायटीची सामायिक असते, तेव्हा ठराव करून घ्या. नंतर गळतीचे खापर तुमच्यावर फुटू नये.

प्रश्न : आमच्या हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. बिल्डरने दोन फुटी छज्जा दिला आहे, पण संध्याकाळी चारनंतर तो काहीच उपयोगाचा नाही. जाड पडदे लावले, तरी सोफा तापतोच. (पुणे)

छज्जा चुकीचा नाही, त्याची दिशा चुकली आहे. पुण्यात दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा उत्तम. डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, चार फुटी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येते आणि थंडीत ते हवेहवेसेच असते. मार्च ते सप्टेंबर मात्र दुपारचा सूर्य इतका वर असतो की तोच छज्जा खिडकी पूर्ण झाकतो.

पश्चिमेला हा हिशेब कोसळतो. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम २५-२६ अंशांवर. चार फुटी खिडकी झाकायला छज्जा आठ फूट बाहेर काढावा लागेल! कुठल्याही आडव्या छज्ज्याने हे ऊन थांबत नाही, त्याला समोरूनच अडवावे लागते.

जाड पडदा आत असतो, हीच अडचण. ऊन काचेतून आत आले की ते पडद्यावर आदळून उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही. म्हणून चीक (बांबूच्या काड्यांचा पडदा) बाहेर लावा, काचेपासून सहा इंच सोडून. बांबूची साधी चीक पुरते. दुपारी दोनला सोडायची, काच तापल्यावर नव्हे. दोन कड्या खालीही लावा, नाहीतर वाऱ्याने ती काचेवर आपटत राहते. बाल्कनी असेल तर कठड्यापासून वरच्या बाल्कनीपर्यंत तारा ओढून मधुमालती चढवता येईल, पण वेल दाट व्हायला वेळ लागतो, तोवर चीक लागेलच. खिडकी भिंतीसारखी बंद मात्र करू नका. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा पश्चिमेचाच असतो, आणि चिकेतून तो येतो.

काचेला काळी फिल्म लावायचा सल्ला दुकानदार देतील. गडद फिल्म ऊन स्वतः शोषते, काच तापते आणि साध्या काचेला कडेने तडा जाऊ शकतो. काच टफन्ड आहे का, हे आधी पाहा. चीक लागल्यावर एसी २४ अंशांवर पुरेल. स्टार लेबल असलेले नवे एसी जानेवारी २०२०पासून २४वरच सुरू होतात.

प्रश्न : कूलर चालू असतो तेव्हा घर दमट का होते? (अकोला)

कारण खिडकी बंद आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती बाहेर गेली पाहिजे. कूलरसमोरच्या भिंतीतली खिडकी अर्धी उघडा, दार नव्हे. बारा बाय बारा, दहा फूट उंच खोलीला मिनिटाला साधारण ७०० घनफूट हवा लागते, म्हणजे तासाला सुमारे १२०० घनमीटर. कूलरच्या खोक्यावर हाच आकडा लिहिलेला असतो. वाळ्याच्या ताट्या दर मोसमाला बदला. जुलैत हवाच ओली असते, तेव्हा कूलर बंद ठेवलेला बरा.

प्रश्न : सांगलीजवळ तळमजल्याचे हजार चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) घ्यावेत, की उंदीरसापळा पद्धतीची वीटभिंत? दोन्हीचे खूप कौतुक ऐकले. (मिरज)

उंदीरसापळा म्हणजे रॅट ट्रॅप. नऊ बाय चार बाय तीनच्या विटा उभ्या रचून भिंत नऊ इंचच येते : तीन इंच वीट, तीन इंच पोकळी, तीन इंच वीट. सत्तरच्या दशकापासून लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, मालही बराच वाचतो. कौतुकाला एक मर्यादा घालावीशी वाटते : उष्णता अडवण्यात ती साध्या नऊ इंची भिंतीपेक्षा थोडीच बरी आहे. तिचा खरा फायदा विटा कमी लागण्यात, म्हणजे भट्टीचा कोळसाही कमी जळण्यात आहे.

आठ इंची एएसीची भिंत गरम हवा अडवण्यात साध्या नऊ इंची विटेपेक्षा अडीच-तीन पट सरस असते. हे मात्र एसी लावणाऱ्या, खिडक्या बंद ठेवणाऱ्या घराला जास्त उपयोगी. सांगलीकडे उन्हाळ्यात रात्री हवा निवते. तुम्ही रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोपत असाल, तर जड वीटभिंतही दिवसा गारवा धरून ठेवते. झोपायची खोली एसीची असेल तर पश्चिमेच्या भिंती एएसीच्या आणि बाकीच्या रॅट ट्रॅपच्या, असा सरमिसळ पर्याय आम्हांला बरा वाटतो. पण तो ठरवताना दोन्ही भिंतींचा जोड स्तंभातच घ्या. भिंतीच्या मध्ये दोन प्रकार भेटले तर तिथे चीर ठरलेली.

रॅट ट्रॅपमध्ये काय बिघडते ते आधी सांगा गवंड्याला. सगळ्यांत मोठी चूक : माल पोकळीत पडतो, खाली साठतो आणि पोकळीच उरत नाही. प्रत्येक थराला पोकळीवर फळी ठेवून माल घालायचा. जोत्यावरचा, खिडकीच्या खालचा, लिंटेलच्या खालचा आणि स्लॅबखालचा थर भरीव हवा; दाराच्या दोन्ही बाजूही भरीवच. वायरिंगसाठी नंतर चर पाडायला गेलात तर तीन इंची वीट आरपार फुटते, म्हणून पाइप पोकळीतूनच उभे सोडा. बोर्डांची जागा बांधकामाआधी ठरलेली हवी. विटा आकाराने सारख्या नसतील, तर हा प्रकार करूच नका.

एएसीचे प्रश्न निराळे. ब्लॉक भिजवायचे नसतात, फक्त पृष्ठभाग ओला करायचा; जास्त पाणी प्यालेला ब्लॉक वाळताना आखडतो. जोडायला पातळ थराचा तयार मॉर्टर, तीन-चार मिलिमीटर. बीम-कॉलमला भिंत भेटते तिथे फायबरची जाळी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टाकून मगच गिलावा करा. बहुतेक तक्रारी या एकाच जागेच्या असतात. गीझर किंवा कपाट टांगायला साधा खिळा चालत नाही, एएसीसाठीचे अँकर घ्या.

प्रश्न : जांभ्याच्या घराची कौले माकडे फोडतात, म्हणून पत्रे घालायचे ठरवले आहे. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओलही येते. पत्र्याने ओलही थांबेल का? (राजापूर)

नाही, ते दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी भिंत.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. कोकणात पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते आणि तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवर तिरकी बसते. जुन्या घरांना रुंद वळचण आणि पडवी होती ती उगाच नाही. पावसाळ्यात त्या बाजूला नारळाचे झापही बांधत. आज कोणी सिमेंटचा कडक गिलावा करून वर प्लास्टिक पेंट देतो. सिमेंटला केसाएवढी चीर पडते, पाणी आत जाते आणि बाहेर पडायची वाट बंद! ओल आतल्या बाजूने फुटते. जमत असेल तर कडक गिलावा काढून चुन्याचा गिलावा करा, एक भाग चुना, तीन भाग वाळू. चिरा उघडाच ठेवायचा असेल तर दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) पुन्हा भरून पाणी झटकणारे, पण वाफ जाऊ देणारे सिलेन-सिलॉक्सेन द्रावण द्या. वळचण किमान तीन फूट करा. ते होईपर्यंत झापांचाच उपाय करा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. ताडपत्री भिंतीला चिकटवली तर आत ओल साठते.

आता छप्पर. माकडांपुढे कौल टिकत नाही हे खरे, तेव्हा पत्र्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. ओले मंगलोरी कौल चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो भरते, पत्रा पाचेक किलो. ते वजन छपराला धरून ठेवत होते. पत्रा वाऱ्याने उचलला जातो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावर ते दाखवून दिले. म्हणून पत्रा वाशांना आणि वासे भिंतीला बोल्टने बांधा, वळचणीच्या ओळीत स्क्रू दाट घ्या. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट. खाऱ्या हवेत साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा लवकर गंजतो, अॅल्युमिनियम-झिंकचा फिक्या रंगाचा घ्या. त्याखाली ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) आणि मग लाकडी किंवा सिमेंट-शीटचे छत, दोहोंमध्ये चार इंच मोकळी जागा. गरम हवा बाहेर जायला मोभाला झरोका ठेवा, पण त्याला बारीक जाळी लावा, नाहीतर माकडांऐवजी वटवाघळे येतील.

प्रश्न : आजोबांचे माळवदाचे (तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले) घर आहे. उन्हाळ्यात फार गार असते, पण १९९३नंतर सगळे पाडायला सांगतात. ठेवता येईल का? (औसा)

लोकांचा धसका योग्य आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच घरे लोकांवर बसली, आणि कारण माळवद एकटे नव्हते. चिखलात बसवलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती म्हणजे बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये भुसभुशीत भर. दोन्ही थर जोडणारे आरपार दगड नसतात. हादरा बसला की थर सुटतात आणि वरचे वजन खाली येते.

माळवदावर दरवर्षी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात आणि जुना काढत नाहीत. ती माती दोन फूट साचली असेल तर दहा बाय दहाच्या एका खोलीवर जवळपास नऊ टन भार आहे. तो गारवा देतो हे खरे. पण गारव्याला आठ इंच माती पुरते. पहिले काम ती उतरवण्याचे. दोन्ही बाजूंनी सारखी, थरथराने काढा. एकाच बाजूची काढली तर तुळया एकीकडे झुकतात. तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे टोकदार लोखंडी सळई घालून पाहा. इंचभर सहज रुतली तर वाळवी किंवा कूज आहे. मग वॉटरप्रूफ कापड आणि वर नवी माती, चुन्याच्या पाण्याने चोपलेली.

भिंतींना तीन-चार फुटांवर आरपार तीन इंची भोके पाडून सळईसह काँक्रीटचे बंध भरतात, आणि छपराखाली आतून-बाहेरून वेल्डमेशचा (लोखंडी तारांच्या जाळीचा) पट्टा घरभर फिरवून एकमेकांना बांधतात. हे काम भूकंपरोधक दुरुस्तीचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावे. त्याने भिंत फुगली आहे असे सांगितले तर ती भिंत पाडून पुन्हा बांधा, बाकीचे घर ठेवा. दुरुस्ती होईपर्यंत मात्र त्या छताखाली झोपू नका, उन्हाळा कितीही कडक असला तरी.