चित्रकथा काढताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एका संस्थेला ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेवर १६ पानी रंगीत चित्रकथा हवी आहे. मुदत एक महिना. एकट्यानं होईल का? शिवाय इंकिंग (पेन्सिलच्या रेषांवर शाई) झाल्यावर बदल सांगतात, त्याचं काय करायचं?
– चित्रकार, बीड

एकट्यानं, पूर्ण रंगात, महिन्याभरात होत नाही. पाच-सहा चौकटींच्या एका पानाला पेन्सिलचे तीन ते चार तास, इंकिंगचे तेवढेच, रंगाचे तीन आणि लेटरिंगचा एक धरा. सरासरी ११ तास, म्हणजे १६ पानांचे १७६. दिवसाला सहा तास हात खरोखर कागदावर राहिला तरी २९ दिवस यातच संपतात. पटकथा, संदर्भ आणि मंजुऱ्या यात धरलेल्याच नाहीत. सात आठवडे मागा. मुदत वाढत नसेल तर काळा आणि सोबत एकच रंग असा पर्याय द्या, किंवा फ्लॅट (छटा नसलेले, सपाट) रंग दुसऱ्याकडून भरून घ्या आणि तो खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट विचारा: १६ पानं मुखपृष्ठासह की मुखपृष्ठाची ४ वेगळी? मधोमध पिन मारलेल्या पुस्तकात पानं चारच्या पटीत असावी लागतात. मुखपृष्ठासह १६ असतील तर ८ आणि ९ ही पानं एकाच सलग कागदावर येतात, मोठं दृश्य तिथं घ्या. उत्सुकता ताणणारी चौकट विषम पानाच्या शेवटी ठेवा, पान उलटल्यावर उलगडा होतो.

बदलांचा त्रास थंबनेलला, म्हणजे पानाच्या छोट्या कच्च्या आराखड्यालाच, मिटवायचा. तळहाताएवढ्या थंबनेलमध्ये सगळे संवाद लिहून १६ पानं एकत्र दाखवा आणि ईमेलवर होकार घ्या. दुसरा होकार पेन्सिलवर. त्यानंतरचा प्रत्येक बदल तासाच्या दरानं, हे कोटेशनमध्येच लिहा. पैसे ४० टक्के आगाऊ, ३० पेन्सिलच्या मंजुरीला, ३० अंतिम फाइल देताना. तोवर फक्त कमी रिझोल्यूशनची प्रत पाठवा.

या विषयाला संदर्भ फार महत्त्वाचा. कोयत्याची पकड, मोळीचा बांध, डोक्यावरचा वाढ्यांचा (उसाच्या शेंड्यांचा) भारा, कोपीचं (मजुरांच्या झोपडीचं) बुटकं दार, हे चुकलं की ज्यांची गोष्ट आहे तीच मुलं पुस्तक बाजूला ठेवतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यानंतर गावात बहुतेक म्हातारी माणसंच भेटतात, म्हणून रेखाटनं फडावर जाऊनच करावी लागतील.

संवादाच्या फुग्यात मराठी मजकूर टाकला की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं सुटतात. शब्द नीट आले तर फुग्यात मावत नाहीत.
– विद्यार्थिनी, नांदेड

पहिल्या दुखण्याचं मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’खाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्त्यांत त्यालाच ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ म्हणत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ घ्या. लेखकाचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि मग ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ असे शब्द डोळ्यांनी तपासा. रूपांतरात सगळ्यात आधी तेच मोडतात. ‘कलम’ आणि ‘मुक्ता’ हे मोफत, खुल्या परवान्याचे फाँट आहेत. संवादाला ‘कलम’ शोभतो, निवेदनाला ‘मुक्ता’.

न मावण्याचं कारण वेगळं. देवनागरीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि खालीही. वरच्या ओळीत ‘तू’ आणि बरोबर त्याखाली ‘गर्दी’ आली की ऊकार रफाराला भिडतो. म्हणून १० पॉइंटच्या अक्षराला ओळींतलं अंतर १४ ते १५ पॉइंट ठेवा. इंग्रजी कॉमिकचा फुगा बघून मापं घेतली तर फसगत ठरलेली. आधी अक्षरं बसवा, त्यांच्याभोवती फुगा काढा, उरलेल्या जागेत चेहरा. पेन्सिलच्याही आधी हा क्रम ठरला पाहिजे.

एका फुग्यात १८-२० शब्दांवर जाऊ नका. ओळी तीन-चार, मधली सगळ्यात लांब. ‘ग्रामपंचायतीसमोर’ हा शब्द तोडता येत नाही, मग तो बदलून ‘पंचायतीपुढं’ करा. जोर द्यायला तिरपं अक्षर घेऊ नका, जाड घ्या. आणि पात्र नांदेडकडचं असेल तर त्याला ‘काय करायलास?’ असंच बोलू द्या. ‘काय करत आहेस?’पेक्षा ते आखूडही आहे आणि खरंही.

पडद्यावर रंग उजळ, छापून आले की मळकट. कागद साधा मॅपलिथो.
– जालना

मॅपलिथो शाई शोषतो, त्यामुळे रंगाचे ठिपके फुगतात आणि गडद भाग बुजतात. सुरुवातीपासून सीएमवायके (छपाईच्या चार शायांचा) प्रिव्ह्यू लावून काम करा आणि सावल्या पडद्यावर वाटतात त्यापेक्षा फिक्या ठेवा. रेषा आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के (काळा). चारही शाया मिळून केलेला काळा जरा सरकला तरी अक्षराला रंगीत कड दिसते. रंग ३०० डीपीआय, रेषांचा थर ६०० किंवा त्याहून जास्त, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारं जास्तीचं चित्र). पूर्ण छपाईआधी त्याच कागदावर एका पानाचा नमुना मागाच.

आठवडी बाजाराच्या एकाच मोठ्या चित्रात मुलगा चार ठिकाणी दाखवायचा आहे. वाचक गोंधळतात.
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर तुमच्या घरापासून साधारण १०० किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात विश्वंतर जातक पाहा. राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो, पण प्रत्येक प्रसंगाला मंडपाचे खांब किंवा दार यांची हद्द आहे आणि माणसांच्या नजरा पुढच्या प्रसंगाकडे नेतात. तुमच्या बाजारात हेच काम पालांचे बांबू आणि बैलगाडीची चाकं करतील. मुलाच्या सदऱ्याचा रंग गर्दीत दुसऱ्या कुणालाही देऊ नका. पहिला मुलगा वर डावीकडे, शेवटचा खाली उजवीकडे. लेणी सोमवारी बंद असतात, आत फ्लॅश चालत नाही. मऊ पेन्सिल आणि वही न्या.

काम देऊन तीन महिने झाले, पैसे नाहीत. आता तीच चित्रं कॅलेंडरवरही दिसली.
– धाराशिव

दोन वेगळे प्रश्न आहेत. पैशांसाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती मोफत आहे आणि काम सुरू होण्याआधीची असावी. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला ठरल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; तारीख लेखी ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दाद याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे मागायची. काम मिळाल्याची पोच ईमेलवर घ्या, दिवस तिथून मोजतात.

हक्कांबाबत १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हस्तांतर लेखीच हवं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मात्र मोबदला घेऊन काढून दिलेल्या पेंटिंगची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाते. त्यामुळे गप्प राहणं धोक्याचं. बिलावर आणि कोटेशनवर एवढं लिहा: ‘मराठी छापील पुस्तकाची एक आवृत्ती, अमुक प्रती. इतर सर्व वापराचे हक्क चित्रकाराकडे.’ तुमच्या कॅलेंडरबाबत आधी जुने ईमेल काढा, वापर कशासाठी ठरला होता ते शोधा, आणि मगच वेगळ्या मानधनाचं पत्र पाठवा.

मे महिन्यात निबवर शाई वाळते, रेष तुटते.
– परभणी

कोरड्या उष्ण हवेत शाईतलं पाणी उडतं आणि चिकट थर निबच्या चिरेत बसतो. लहान झाकणात थोडीच शाई घ्या, बाटली बंद ठेवा. शाई दाटली की दोन-तीन थेंब डिस्टिल्ड पाणी घाला, बॅटरीत घालतात ते. बोअरच्या पाण्यातले क्षार निबवर बसतात. दर पाच-सात मिनिटांनी ओल्या फडक्यानं निब पुसा. कूलरचा झोत टेबलावर नको. कागद ओल धरतो आणि बारीक रेष पसरते.