ऑडॅसिटीतलं रेकॉर्डिंगचं मीटर गायब झालंय, सॉफ्टवेअर पुन्हा टाकूनही येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, घुमट आरत्या (घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडाला कातडं लावलेलं गोव्याचं वाद्य) रेकॉर्ड करायच्या आहेत, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर आहे, पण आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी दिसेनाशी झालीय, वरची काही बटणं अर्धी कापल्यासारखी दिसतात, आणि सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं तरी तसंच.

या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा अर्धा दिवस तिथेच जातो. कुठला टूलबार (बटणांची पट्टी) कुठे ठेवला, किती रुंद केला, उघडा होता की बंद, हे सगळं ऑडॅसिटी स्वतःच्या फोल्डरात ठेवत नाही. विंडोजमध्ये तुमच्या नावाचा जो फोल्डर असतो, त्याच्या पोटात एका छोट्या फाइलीत लिहून ठेवते. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी ती फाइल तिथेच राहते आणि नवी प्रत सुरू झाली की सगळ्यात आधी तीच वाचते. भाडेकरू बदलला तरी भिंतीतले खिळे जुनेच, तसा प्रकार. त्यामुळे पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणं सोडून द्या.

आता करायचं ते. वरच्या मेनूत व्ह्यू, त्यात टूलबार्स, आणि त्या यादीत रिसेट टूलबार्स. एवढं एकदा दाबा. सगळ्या पट्ट्या मूळ जागी, मूळ मापाला येतात आणि चुकून बंद झालेल्या नेहमीच्या पट्ट्याही परत उघडतात. तुमच्या रेकॉर्डिंगला यातून काहीही होत नाही. दहातल्या आठ जणांचं काम इथेच होतं, बाकीचं वाचायची गरजही पडत नाही.

पण दाबण्याआधी त्याच यादीत एक बघून घ्या: रेकॉर्डिंग मीटरच्या नावापुढे बरोबरची खूण आहे का? खूण नसेल तर पट्टी कोणीतरी बंद केलीय. टूलबारच्या डाव्या कडेला ठिपक्यांची मूठ असते; कर्सर घसरून ती ओढली गेली की पट्टी सुटून खिडकीवर तरंगायला लागते, तिला फुलीचं बटण येतं, आणि ते दाबलं की गेली. टचपॅडवर काम करणाऱ्यांचं हे हमखास होतं. खूण असूनही पट्टी दिसत नसेल तर मात्र ती उघडीच आहे, फक्त तुमच्या पडद्याच्या बाहेर कुठेतरी.

हे दुसरं माझ्यावर गुदरलंय. मी गोव्यात फोंडा भागात राहतो, भजनी मंडळांची आणि आरत्यांची रेकॉर्डिंग करतो. काही वर्षांपूर्वी एका देवळाच्या सभामंडपात लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला होता. कासाळेवाला (मोठ्या झांजा वाजवणारा) जोरात आला की सगळं तांबडं व्हायचं आणि प्रत्येक वेळी गाणं थांबवून सांगायचा कंटाळा आला होता. म्हणून मीटरची पट्टी मुठीने ओढून टीव्हीवर नेली, चांगली हातभर लांब केली आणि मंडळींना म्हटलं, ही रेघ तांबड्याला लागली की थोडं मागे सरका. युक्ती नामी चालली. संध्याकाळी टीव्हीची वायर काढली, लॅपटॉप मिटला, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाड्यावर, टीव्ही नाही. पाऊस लागलेला. घुमटवाल्यांनी कातडी निखाऱ्यावर शेकून, बोटाने वाजवून, सूर तयार करून ठेवलेला. मी ऑडॅसिटी उघडली तर मीटर नाही. मेनूत खूण आहे, पट्टी नाही. ती बिचारी अजून त्या देवळातल्या टीव्हीवरच तरंगत होती! फाइलीत तिची जागा आकड्यांत लिहिलेली असते, डावीकडून इतकं, वरून इतकं. आणि त्या जागी आता पडदाच नव्हता. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. वीस मिनिटं मी प्रोग्राम बंद कर, चालू कर, लॅपटॉप रीस्टार्ट कर, असं करत बसलो. तेवढ्यात पावसाच्या दमट हवेत कातडी ढिली पडली. एका म्हाताऱ्या वादकाने घुमटावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "आतां हें परत शेकूंक पडटलें." ते उठून निखाऱ्याकडे गेले आणि मी घाम पुसत बसलो.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं ते चांगलंच झालं, पण दमट हवेला त्याची काही पर्वा नाही. वाद्य तापलेलं असताना तुम्ही तयार नसाल तर दोष सॉफ्टवेअरचा असो की तुमचा, त्यांच्या दृष्टीने तुमचाच.

असा प्रसंग आलाच तर बटणांवाचून काम अडत नाही. ट्रान्सपोर्टची पट्टी (रेकॉर्ड, प्ले, स्टॉपची बटणं) दिसत नसली तरी कीबोर्डवर आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, शिफ्ट धरून आर दाबलं तर नव्या ट्रॅकवर, आणि स्पेस बारने थांबतं. पण मीटरशिवाय घुमट रेकॉर्ड करू नका. गाणाऱ्याचा आवाज चढतो तेव्हा चढताना कळतं, घुमटाची थाप एकदम येते. ट्रॅकवर लाटेचं डोकं सपाट कापलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि तो कापलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. सगळ्यात जोराची थाप उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. पाठांतराची आरती नको, मंडळींना जोशातली शेवटची आरती वाजवायला सांगा आणि तिच्यावर पातळी लावा. पहिल्या आरतीत सगळे सभ्य असतात.

मीटर दिसतंय पण बोटाएवढं झालंय, असंही असू शकतं. त्याच्या उजव्या कडेवर कर्सर नेला की दुहेरी बाण येतो. तिथून धरून ओढा. ३.२ या आवृत्तीपासून आवाज कमी-जास्त करायचा दांडा वेगळ्या मिक्सर पट्टीत नसून मीटरवरच बसवलाय. त्यामुळे मीटर आक्रसलं की दांडाही आक्रसतो आणि लोक म्हणतात दोन्ही गेले.

आता अर्धवट कापलेली बटणं. हे वेगळं दुखणं आहे, रिसेटने जाईलच असं नाही. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल आणि विंडोजने अक्षरं मोठी दिसावीत म्हणून १२५ किंवा १५० टक्के स्केल लावून ठेवलं असेल, तर पट्ट्यांना एका ओळीत जागा पुरत नाही. त्या खाली दुसऱ्या, तिसऱ्या ओळीत उतरतात आणि ट्रॅकला पानाएवढी जागा उरते. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या पानावर स्केल १०० टक्के करून बघा. डोळ्यांना त्रास होत असेल तर रेकॉर्डिंग झाल्यावर परत वाढवा.

बटणं धूसर किंवा चिरलेली दिसत असतील तर डेस्कटॉपवरच्या ऑडॅसिटीच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे सगळ्यात खाली स्केलिंग कोणी करायचं ते ठरवता येतं: ॲप्लिकेशन, सिस्टीम किंवा सिस्टीम एनहान्स्ड. तिन्ही एकेक करून बघा, दरवेळी ऑडॅसिटी बंद करून उघडा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सिस्टीमने जमलं, नव्यावर ॲप्लिकेशनने. का ते विचारू नका.

दोन गोष्टी गायब वाटतात पण नसतात, त्याही सांगून ठेवतो. माइक निवडायची लांब पट्टी शोधत असाल तर ३.२ पासून तिच्या जागी ऑडिओ सेटअप नावाचं एकच बटण आहे. जुनी पट्टीच हवी असेल तर टूलबार्सच्या यादीत डिव्हाइस टूलबारवर खूण करा. आणि ट्रॅकचा तुकडा पुढेमागे सरकवायचं दोन टोकांच्या बाणाचं हत्यार ३.१ मध्येच काढून टाकलंय. आता तुकड्याच्या वरची पट्टी धरून थेट ओढायचं. मला स्वतःला हे आधीपेक्षा सोपं वाटतं, पण जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची पंचाईत होते.

पट्ट्या दिसतात पण मेनूतले इफेक्ट करडे पडलेत, काहीच दाबता येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा येते. तेव्हा नव्वद टक्के वेळा तुम्ही पॉजवर असता. चौकोनी स्टॉप दाबा.

एवढं करूनही चित्र बदललं नाही तर ती फाइलच बाजूला करायची. आधी ऑडॅसिटी पूर्ण बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण बंद होताना ती पट्ट्यांची स्थिती परत फाइलीत लिहिते. उघडी ठेवून फाइल हलवलीत तर मेहनत फुकट. मग फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू खाली हिडन आयटम्स दिसू द्या, नाहीतर पुढचा फोल्डर सापडणारच नाही. सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा, रोमिंग, ऑडॅसिटी. त्यात ऑडॅसिटी नावाची आणि सीएफजी शेपटीची फाइल आहे. ती डिलीट करू नका, नाव बदला, पुढे "जुनी" लिहा. ऑडॅसिटी उघडली की ती नवी कोरी फाइल तयार करेल. तुमचे शॉर्टकट आणि माइकची निवड जाईल, ते पुन्हा लावावं लागेल. रेकॉर्डिंगच्या फाइली वेगळ्या असतात, त्यांना धक्का लागत नाही. मॅकवर हीच फाइल लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये ऑडॅसिटीच्या फोल्डरात असते.

पुन्हा इन्स्टॉलच करायचा हट्ट असेल तर इन्स्टॉल होताना रिसेट प्रेफरन्सेस असा एक पर्याय येतो, त्यावर खूण करा. बहुधा तुम्ही नेक्स्ट, नेक्स्ट करत तो ओलांडून गेलात. मीही तेच करायचो.

हे सगळं चवथीच्या आदल्या रात्री करत बसू नका. आज संध्याकाळी घरीच एकदा करून, दारावर टिचक्या मारून मीटर हलतंय का ते बघा. आणि टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडणार असाल तर वायर काढण्याआधी, पडदा चालू असतानाच, रिसेट टूलबार्स दाबा. त्या दिवसापासून मी एचडीएमआयच्या वायरीला टोकाजवळ तांबड्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवलाय. ती उपटायला हात गेला की तो दिसतो आणि मी आधी मेनूकडे वळतो.