‘किंवा’ या शब्दापाशी थांब

सिव्हिल लाइन्स, नागपूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

खुनाच्या खटल्यातील बचावाचे तुझे टिपण दोनदा वाचले. आरोपीचे बालपण, त्याचा एकलकोंडेपणा आणि त्याचे क्रौर्य यांवर तू अकरा पाने खर्च केलीस आणि मनाच्या विकलतेच्या बचावाचे कलम मात्र शेवटच्या परिच्छेदात उरकलेस. विधी सेवा प्राधिकरणाने तुला आरोपीचा वकील म्हणून नेमले आहे, खुन्याचे चरित्र लिहायला नव्हे.

रामन राघवचा खटला पुन्हा वाच. मुंबईत १९६८ साली पकडल्या गेलेल्या या माणसाने झोपलेल्या गोरगरिबांना ठेचून मारल्याची कबुली दिली होती. आपल्याभोवती ‘कानून’चे एक वेगळे जग आहे आणि लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत, अशी त्याची ठाम समजूत होती; तरीही आपण माणसे मारतो आहोत, हे त्याला कळत होते. मग बचाव तिथेच संपला काय? जुन्या दंड संहितेचे कलम ८४, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२, उघड आणि त्यातील ‘किंवा’ या शब्दापाशी थांब. मनाच्या विकलतेमुळे कृत्याचे स्वरूप न कळणे, किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे न कळणे, अशा दोन वाटा तिथे आहेत, आणि त्याचा बचाव दुसऱ्या वाटेने गेला. सत्र न्यायालयाने तो नाकारून फाशीची शिक्षा दिली. आरोपीने अपील केले नाही, तरी फाशीला उच्च न्यायालयाची पुष्टी लागतेच. त्या टप्प्यावर तीन मनोविकारतज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिने जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान केले आणि पुढे फाशीची जन्मठेप झाली. सुटका नव्हे, हे ध्यानात ठेव. १९९५ साली तो पुण्यात ससून रुग्णालयात वारला.

तुझ्या आरोपीला दयामाया नाही, एवढ्याने कलम २२ लागत नाही. मनाची विकलता सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे. मात्र तो सरकार पक्षाइतका जड नाही, संभाव्यतेचे पारडे झुकले की पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच दह्याभाई ठक्कर प्रकरणात सांगितले आहे. प्रश्न त्या घटकेच्या मनाचा असतो. ऐन उमेदीत मी घटनेनंतर दोन वर्षांनी आरोपीला तपासलेल्या डॉक्टरांना साक्षीला उभे केले होते. उलटतपासणी चार प्रश्नांत आटोपली, आणि मीही.

म्हणून प्रादेशिक मनोरुग्णालयात तुझ्या आरोपीचे अटकेपूर्वीचे केसपेपर आहेत का, ते आधी पाहा. कारागृहाच्या दवाखान्यातील पहिल्या आठवड्याच्या नोंदी मागवण्याचा अर्ज लिहून शनिवारी घरी ये. ती अकरा पाने आणू नकोस.

तुझा,
आप्पा