झाडांच्या कामासाठी कॅनडाला यायचं म्हणतेस, तर आधी हे वाच

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: दापोलीला उद्यानविद्येच्या शेवटच्या वर्षाला आहेस, 'रावे' म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचं सत्र चालू आहे. शहरातल्या झाडांचं काम करायचंय आणि त्यासाठी कॅनडात इंटर्नशिप मिळेल का? एक एजंट चौदा लाखांत 'फार्म व्हिसा' काढून देतो म्हणतोय, ते पैसे द्यावेत का? आणि घरचे म्हणतायत की तिकडे जाऊन माळीकामच करायचं तर पदवी कशाला घेतलीस. मीही दापोलीचीच. २०१६ पासून टोरांटो-हॅमिल्टन पट्ट्यात झाडांचंच काम करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एजंटचं. पैसे देऊ नकोस. इथल्या मालकाला बाहेरून माणूस आणायचा असेल तर बहुतेक वेळा 'एलएमआयए' नावाची परवानगी त्यालाच काढावी लागते. तिची फी बहुतेक कामांसाठी दर जागेमागे १,००० कॅनेडियन डॉलर असते आणि ती कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे ते पत्र तुला विकणारा माणूस पहिल्याच पायरीवर बेकायदा वागतोय, आणि उद्या प्रकरण उघडं पडलं तर व्हिसा तुझा जाईल. हंगामी शेतमजुरांची इथली मोठी योजना मेक्सिको आणि कॅरिबियन देशांपुरती आहे. तरुणांना वर्ष-दोन वर्षं फिरून काम करू देणारी जी योजना आहे, तिच्यात भारत नाही. भारतातून थेट इंटर्न म्हणून येण्याची वाट त्यामुळे फार अरुंद आहे. बहुतेक जण शिक्षणाच्या दारानंच आत येतात, मीही तशीच आले.

त्या दारातही दोन उंबरे आहेत. विद्यापीठाची पदवी किंवा मास्टर्स केलंस तर नंतरच्या वर्क परमिटसाठी विषयाची अट नाही, इंग्रजीची पातळी मात्र दाखवावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा छोट्या मास्टर्सनंतरही ३ वर्षांचं परमिट मिळू शकतं. कॉलेजच्या डिप्लोमाला मात्र नोव्हेंबर २०२४ पासून मान्य विषयांची यादी लागू आहे आणि ती बदलत असते. प्रत्येक कोर्सला त्याचा विषय सांगणारा एक सीआयपी क्रमांक असतो. फी भरण्याआधी तो कॉलेजकडून लेखी मागून घे आणि सरकारी यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघ. कौन्सेलरच्या तोंडी हमीवर एक रुपयाही भरू नकोस.

तुझी पदवी चार वर्षांची आहे, म्हणून मी मास्टर्सकडे झुकेन. टोरांटो विद्यापीठाचा 'मास्टर ऑफ फॉरेस्ट कन्झर्व्हेशन' १६ महिन्यांचा आहे आणि इंटर्नशिप त्याच्या आतच येते. हातानं काम शिकण्याची ओढ जास्त असेल तर लिंडसेचं फ्लेमिंग कॉलेज आणि टोरांटोचं हंबर बघ, हंबरच्या आवारात स्वतःचं आर्बोरेटम, म्हणजे अभ्यासासाठी जपलेलं वृक्षउद्यान आहे. नायगाराची उद्यानविद्येची शाळा १९३६ पासून चालू आहे आणि तिथली मुलं वनस्पती उद्यानातच काम करत शिकतात. मी डिप्लोमावाली आहे. मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण तेव्हाचे नियम आजच्याइतके कडक नव्हते. खर्चाचं म्हणशील तर सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी सोडून वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, आणि सत्र चालू असताना बाहेरचं काम आठवड्याला २४ तासच करता येतं.

इंटर्नशिप शोधताना एका गोष्टीनं बरीच मुलं नाउमेद होतात. उन्हाळ्यातल्या कितीतरी जागा 'कॅनडा समर जॉब्स'च्या सरकारी पैशावर चालतात आणि परदेशी विद्यार्थी त्याला पात्र नसतात. तू कितीही हुशार असलीस तरी त्या अर्जाला उत्तर येणार नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. नगरपालिका, मोठी उद्यानं, झाडांच्या खासगी कंपन्या यांच्याकडे अर्ज कर, तेही जानेवारी-फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना. एप्रिलमध्ये शोधायला लागलीस तर उशीर झालेला असतो.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते. इथे प्रत्येक नोकरीला एक कोड असतो. आर्बोरिस्ट (झाडांची निगा राखणारे तज्ज्ञ) आणि उद्यान तंत्रज्ञ २२११४ मध्ये येतात, आणि तो अनुभव कायमच्या निवासासाठी धरला जातो. लँडस्केपचे मजूर ८५१२१ मध्ये येतात, आणि तो धरला जात नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोघांच्याही हातात फावडंच दिसतं. माझ्या वेळी आकडे वेगळे होते, पण भेद हाच होता. डिप्लोमा झाल्यावर मी एका लँडस्केप कंपनीत लागले. सात महिने झाडं लावली, छाटणी केली, लागवडीचे नकाशे वाचून दोन पोरांकडून काम करून घेतलं. सीझन संपल्यावर अनुभवाचं पत्र मागितलं, तर त्यावर 'जनरल लेबरर' एवढंच. बदलून द्या म्हणून तीनदा गेले. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आम्ही सगळ्यांना हेच देतो. ते सात महिने माझ्या अर्जात मोजले गेले नाहीत. त्या रात्री बेसमेंटच्या खोलीत बसून मी आईला फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं होतं.

तेव्हा सही करण्याआधी ऑफर लेटरमध्ये पदाचं नाव आणि कामांची यादी मागून घे. लाजू नकोस. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेव: तारीख, तास, कुठलं झाड, काय केलं.

तासांचंही एक गणित आहे. 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स'च्या, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवाच्या वाटेनं कायमच्या निवासाचा अर्ज करायला १,५६० तास लागतात, पण आठवड्याला ३० पर्यंतच मोजतात. मे-जूनमध्ये ५५ तास राबलीस तरी वरचे २५ कागदावर शून्य. शिकत असताना केलेलं कामही धरत नाहीत. म्हणजे पगाराचे पूर्ण ५२ आठवडे भरावे लागतात. फुलझाडं आणि लॉनवाल्या कंपन्या नोव्हेंबरअखेर बहुतेकांना घरी बसवतात, तिथे ५२ आठवडे भरायला दोन सीझन जातात. झाडांच्या कंपन्यांचं काम हिवाळ्यात थांबत नाही, पानं गळलेली असताना छाटणी उलट सोपी जाते. शहरी झाडांकडे वळ म्हणून तुला सांगते, त्यामागे माझं झाडांवरचं प्रेम आहे तसंच हे गणितही आहे.

थंडीची भीती घालून घेऊ नकोस, पण थंडीत काम कसं बदलतं ते समजून घे. इथे पानांशिवाय झाड ओळखता यावं लागतं. मेपल आणि ॲशचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, फांदीवर समोरासमोर असतात, ओक आणि एल्मचे एकाआड एक. कलमं बांधताना डोळा बघायची सवय तुला आहेच, ती इथे पहिल्या आठवड्यात कामी येईल. लॅटिन नावं पाठ कर, कारण क्रूमध्ये पोर्तुगालचा, जमैकाचा, फिलिपिन्सचा माणूस असतो आणि सगळ्यांना समजणारं नाव तेच. ओकची छाटणी मात्र थंडीतच. ओक विल्ट हा रोग जून २०२३ मध्ये नायगारा फॉल्सला कॅनडात पहिल्यांदा सापडला. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ताज्या जखमेवर येणारे भुंगेरे तो पसरवतात, म्हणून त्या दिवसांत ओकला कात्री लावायची नाही.

एक काम मात्र तुला जवळचं वाटेल. 'एमराल्ड ॲश बोरर' हा हिरवा चकचकीत भुंगेरा टोरांटोत २००७ मध्ये सापडला आणि त्यानं रस्तेच्या रस्ते उघडे केले. आंब्याचं भिरूड तू बघितलंयस, तशीच याची अळी सालीखाली बोगदे करते आणि झाडाचा अन्नरस तोडते. ज्या झाडांना वाचवायचं ठरतं त्यांना दर दोन वर्षांनी खोडातून औषध देतात. पहिल्यांदा मी ते केलं तेव्हा बुंध्याशी बसून बारीक भोकं पाडली, त्यांत स्प्रिंगच्या नळकांड्या खोचल्या आणि झाड औषध ओढून घेईपर्यंत थांबले. बाटलीवर घटक वाचला: ॲझाडिरॅक्टिन. आपल्या निंबोळीतलं. ऑन्टारियो या आमच्या प्रांतातल्या एका गल्लीत, कुणाच्या तरी अंगणातल्या साठ वर्षांच्या ॲशच्या पोटात कडुनिंब जात होता. मी त्या बुंध्यावर हात ठेवून बसले होते.

दुसरा धडा झाड लावण्याचा. बारदानात बांधलेला मातीचा गोळा, त्याभोवती तारेची जाळी, असं मेपल आम्ही लावलं. मी माती दाबून पाणी सोडणार, तेवढ्यात क्रू लीडरनं थांबवलं आणि वरची माती हातानं काढायला लावली. चार बोटं खाली गेल्यावर बुंधा रुंदावला आणि पहिलं जाड मूळ लागलं. जमिनीची पातळी तिथे हवी होती. शेजारी करंगळीएवढं एक मूळ बुंध्याला वेढा घालून होतं, ते सिकेटरनं कापलं. आज कापलं नाही तर वीस वर्षांनी हेच मूळ झाडाचा गळा आवळेल, असं तो म्हणाला. मला पुण्यातले, सालीपर्यंत काँक्रीट ओतलेले पर्जन्यवृक्ष आठवले. दर पावसाळ्यात कोसळणारा गुलमोहर वाऱ्यानं पडला असं आपण म्हणतो, पण अनेकदा त्याची मुळं आधीच तोडलेली असतात.

पुढची शिडी अशी असते: ग्राउंड क्रू, मग दोरावर चढणारा किंवा छाटणी करणारा, मग 'आयएसए' या झाडांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सर्टिफाइड आर्बोरिस्ट. त्या परीक्षेला २०० प्रश्न असतात. बसायला तीन वर्षांचा अनुभव लागतो, पण संबंधित चार वर्षांची पदवी असेल तर एक वर्ष पुरतं. त्यानंतर सल्लागाराचं काम खुलं होतं. टोरांटोत १.४ मीटर उंचीवर ३० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त व्यासाचं झाड खासगी अंगणातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. बांधकामाआधी आर्बोरिस्टचा अहवाल लागतो, झाडाभोवती कुंपण लागतं. आपल्याकडेही १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणं आहेत, २०२१ पासून ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. पण साइटवर उभं राहून कुंपण दोन हात आत सरकलेलं ओळखणारा माणूस आपल्याकडे फार कमी वेळा असतो. शिकून कधी परत गेलीस तर हे काम तिथेही तुझी वाट बघतंय.

तिथून निघण्याआधी गाडी चालवायला शीक, इथे ट्रक-ट्रेलरशिवाय काम नाही. लायसन्स दोन वर्षांहून जुनं असेल तर अधिकृत अनुभवपत्रावर, लेखी परीक्षेनंतर थेट 'जी'ची, म्हणजे पूर्ण लायसन्सची रोड टेस्ट देता येते. ते पत्र तिथूनच काढून आण, इथून आरटीओशी पत्रव्यवहार करताना जीव जातो. तिथे शिकलेल्या फवारणीच्या वेळापत्रकावर फार विसंबू नकोस, कारण ऑन्टारियोत २००९ पासून अंगणातल्या शोभेसाठी रासायनिक कीटकनाशकं-तणनाशकं वापरायला बंदी आहे आणि तण हातानं उपटतात. जमलं तर पदवीनंतर एक वर्ष पुण्यात किंवा मुंबईत झाडांच्याच कामात घालव, पगार कमी असला तरी.

घरच्यांना माझा नंबर दे. बाबा माळीकाम म्हणतात त्यामागे भीती आहे, मुलगी परक्या देशात मजुरी करेल याची. माझ्या वडिलांनाही तीच होती. मी पहिल्यांदा चढून सुरक्षित केलेल्या ओकचा फोटो पाठवला तेव्हा त्यांनी तो मोठा करून घेतला आणि आंब्याच्या व्यापाऱ्यांना दाखवत बसले. मी बोलेन त्यांच्याशी, रविवारी सकाळी तुमच्या वेळेनं नऊला.

आणि तोपर्यंत एक कर. कॅम्पसवरची दहा झाडं निवड. प्रत्येकाचा घेर जमिनीपासून १.४ मीटरवर टेपनं मोज, ३.१४ नं भागून व्यास काढ, बुंधा मातीत कुठे शिरतो तिथला जवळून फोटो घे आणि लॅटिन नावासकट मला पाठव. ज्याचा बुंधा खांबासारखा सरळ आत जातो तिथे हातानं माती बाजूला करून बघ, आणि काय सापडलं ते लिही.