किनारा बघायला निघण्याआधी

प्रिय,

तुझ्याकडे आलेल्या जोडप्याच्या किनाऱ्यावरच्या लग्नासाठी चार दिवसांत नऊ जागा बघून येण्याचा तुझा बेत कळला. त्यातल्या निदान चार घरबसल्या कागदावरच गाळून टाक. दिवसाला दोनपेक्षा जास्त ठिकाणं बघितली की सगळे किनारे एकसारखे वाटायला लागतात आणि शेवटी ज्या जागेचा मॅनेजर बोलायला गोड, तीच पसंत पडते. शिवाय लग्न ज्या तासाला लागणार त्याच तासाला जागा बघायची, तर दिवसाकाठी एकच बघून होते. सकाळी अकराला तिथला वारा वेगळा, उजेड वेगळा आणि पाणीही भलतीकडेच असतं. तेव्हा रोजची संध्याकाळ यादीत वर असलेल्या जागेला दे आणि सकाळ दुसऱ्या जागेच्या खोल्या, स्वयंपाकघर, रस्ता नि वीज बघण्यात घाल.

गाळायला पहिली चाळणी लाव ती लग्नाच्या तारखेच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाची. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. (काही समुद्रांत चढउतार जेमतेम वीतभर, तर काही ठिकाणी दिवसाला एकच भरती. कोष्टक त्या त्या ठिकाणचंच बघ.) अमावस्या-पौर्णिमेला, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. एवढं ऐकून लोक घाईने ठरवतात की पौर्णिमेची तारीख नकोच. पण उधाणाची भरती एका किनाऱ्यावर नेहमी घड्याळातल्या साधारण त्याच वेळेला येते. समज, एखाद्या ठिकाणी ती दुपारी १२ ला येते. मग पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला तिथे पुरी ओहोटी असते आणि वाळू दूरवर उघडी पडते. लग्न निवांत लागेल. पण डेकोरेटरची माणसं ट्रस (मांडवाचा धातूचा सांगाडा) उभा करत असतात तेव्हा, भर दुपारी, पाणी सगळ्यात वर असतं. रात्री साडेबाराच्या सुमाराला, सामान आवरताना, ते पुन्हा वर येतं. त्याच किनाऱ्यावर अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती असेल, पण ती भांगाची, म्हणजे खालीच थांबणारी. तेव्हा पहिला खांब रोवल्यापासून शेवटची खुर्ची गाडीत चढेपर्यंत प्रत्येक तासाला पाणी कुठे असेल ते कागदावर मांड. संध्याकाळ सुरक्षित आणि मांडणीची दुपार पाण्यात, अशा जागा यादीत हमखास निघतात.

पाणी चढतंही असमान. भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा चढतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मा. पहिला तासभर पाणी बघून "अजून लांब आहे" म्हणणारे कामगार तिसऱ्या तासाला धावत सुटतात ते यामुळे.

आता जागेवर काय मोजायचं ते सांगतो. कोष्टकातला आकडा पाण्याची खोली सांगत नाही. तो एका ठरवलेल्या पातळीपासूनची उंची सांगतो, म्हणून नुसता वाचून वाळूवर काहीच कळत नाही. तो वाळूशी जोडून घ्यावा लागतो. तू तिथे असशील त्या दिवशीची भरती कोष्टकात किती मीटरची आहे ते लिहून ठेव. भरती ओसरायला लागली की काड्या-शेवाळाची जी ताजी, ओली रेघ उरते तिथे खुंटी ठोक. मग वाळूचा उतार काढ. खुंटीपासून जमिनीकडे, चढावर, १० मीटर अंतर मोज. तिथे वाळूला दोरीचं टोक लाव, दोरी पाणपातळी (गवंड्याची लेव्हल) लावून आडवी ताण आणि खुंटीपाशी ती वाळूपासून किती वर आहे ते बघ. ४० सेंटीमीटर भरलं तर उतार २५ ला १. आता लग्नाच्या दिवशीची भरती कोष्टकात आजच्यापेक्षा ६० सेंटीमीटर जास्त असेल तर पाणी खुंटीच्या १५ मीटर आत येणार. कोष्टकात लाटा धरलेल्या नसतात. वाऱ्याने रेटलेलं पाणीही त्यात नसतं, आणि हवेचा दाब एक मिलिबार घटला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं तेही नाही. म्हणून निदान अर्धा मीटर उंची वरून धर, म्हणजे आणखी साडेबारा मीटर. एकूण झाले जवळजवळ २८ मीटर. खुंटीपासून जमिनीकडे तेवढी वाळू सोडून त्यापुढे सगळी मांडणी बसत नसेल तर त्या जागेचे फोटो कितीही सुंदर असोत, लग्न वरच्या लॉनवर लावायचं.

ताज्या रेघेच्या वर सुकलेल्या कचऱ्याची आणखी एक जुनी रेघ दिसेल. मोठं उधाण कुठवर येऊन गेलंय ते तीच सांगते. रिसॉर्टवाले ती रोज पहाटे झाडून काढतात, म्हणून कुंपणापलीकडच्या न झाडलेल्या वाळूवर जाऊन बघ. आणि किनारा वर्षभर तेवढाच राहत नाही. खवळलेल्या हंगामात लाटा वाळू ओढून नेतात, पट्टा अरुंद आणि उभा होतो, शांत हंगामात वाळू परत येते. आदल्या वर्षीचे त्याच महिन्यातले, कुणा पाहुण्याने काढलेले फोटो माग. माहितीपत्रकातले चालणार नाहीत.

चंद्राबद्दल एक गोष्ट, कारण जोडपी हटकून विचारतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला पूर्वेला उगवतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर तो पाहुण्यांच्या पाठीमागून, इमारतींच्या मागून वर येणार. समुद्रातून उगवणारा चंद्र हवा असेल तर किनारा पूर्वेचा लागतो आणि मग समुद्रातला सूर्यास्त सोडावा लागतो. जोडप्याला हे जागा बघण्याआधीच सांग.

वाऱ्याचा हिशोब पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि खारे वारे सुरू होतात. ते साधारण सकाळी उशिरा सुटतात, दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान जोरात असतात, सूर्य बुडताना मंदावतात. रात्री दिशा उलटते आणि जमिनीकडून मतलई वारे वाहू लागतात. सकाळी आठला जागा बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. हातात धरायचा वारामापक फार महाग नसतो, घेऊन जा. दर अर्ध्या तासाला, व्यासपीठ जिथे येणार तिथे आणि डोक्याच्या उंचीवर, वेग आणि झुळकीतला सर्वाधिक आकडा दोन्ही टिपून ठेव. ताशी २० किलोमीटरच्या पुढे कोरडी बारीक वाळू उडू लागते, ताटात जाते, कॅमेऱ्यात जाते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो: ८ बाय १० फुटांच्या एका सपाट पडद्यावर ताशी २० ला साधारण १५ किलोचा रेटा येतो, ताशी ४० ला ६० किलोचा. डेकोरेटर बांधणी १५ किलोची करतो आणि झुळूक ६० ची येते, मग चौकट आडवी होते. कोरड्या वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. २०० लिटरचा पाण्याने भरलेला पिंप म्हणजे २०० किलो, तसे पिंप किंवा पुरलेले वाळूचे पोते लागतात. ते कुठे ठेवणार आणि झाकणार कशाने, हे जागेवरच ठरव.

फुलांची कमान भरगच्च हवी असेल तर तिच्यातून वारा आरपार जाईल अशी बांधायला सांग. मागे पुठ्ठा किंवा फ्लेक्स लावला की ती शिडासारखी फुगते.

समुद्राची गाज प्रत्यक्षात गोड वाटते आणि माईकवर त्रास देते. मधल्या रांगेच्या जागी बसून फोनवरच्या ध्वनिमापकाने आकडा घे. आकडा अचूक नसला तरी जागांची एकमेकींशी तुलना करायला पुरतो. बोलणं स्वच्छ कळायला ते गाजेपेक्षा निदान १० डेसिबल वर हवं. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल कमी होतात, म्हणून पुढे दोन मोठे डबे ठेवण्यापेक्षा रांगांच्या कडेने लहान लहान चार-सहा ठेवलेले बरे. भरतीला लाटा जवळ फुटतात, ओहोटीला लांब. तेव्हा कोणत्या पाण्याला मोजलंस तेही आकड्याशेजारी लिही.

उजेडाचं गणित सोपं आहे, तरी चुकतं. सूर्य वर्षभर एकाच जागी बुडत नाही. विषुववृत्ताजवळही जून आणि डिसेंबरच्या मावळतीत सुमारे ४७ अंशांचं अंतर पडतं, ध्रुवांकडे जावं तसं आणखी. जूनमध्ये समुद्रात बुडताना दिसलेला सूर्य डिसेंबरात डोंगराच्या टोकामागे जाऊ शकतो. फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारं ॲप असतं, त्यात लग्नाची तारीख टाकून त्या जागी उभं राहून बघ. पाहुण्यांना सूर्याकडे तोंड करून तासभर बसवू नकोस. तो तिरपा, खांद्याच्या बाजूला येईल अशा रांगा लाव. विषुववृत्ताच्या आसपास सूर्यास्तानंतर २०-२५ मिनिटांत उजेड आटोपतो, म्हणजे विधी उशिरा सुरू झाला तर फोटो गेले.

इमारतीतली पर्यायी जागा बघितल्याशिवाय किनारा पसंत करायचा नाही. मॅनेजर म्हणेल, "पाऊस आला तर आत हॉल आहे." हॉल उघडायला लाव. टेप टाकून मोज. रांगेने खुर्च्या लावायच्या तर माणशी ८ ते १० चौरस फूट, गोल टेबलांवर जेवायला १२ ते १५, आणि खांब, स्टेज, येण्याजाण्याची वाट वेगळी. त्या दिवशी तो हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला नाही ना, हेही विचार. या प्रश्नाला बरेचदा उत्तर यायला वेळ लागतो.

बाकीचं भराभर. ट्रक जिथे थांबतो तिथून वाळूपर्यंतचं अंतर पावलांनी मोज. मऊ वाळूत चाकं रुततात, सगळं सामान डोक्यावर जातं आणि मांडणीचा वेळ दुप्पट लागतो. व्हीलचेअर आणि उंच टाचा दोन्हींसाठी फळ्यांची किंवा घट्ट चटयांची वाट लागेल. १०० केव्हीएच्या जनरेटरवर सुमारे ८० किलोवॉट निघतात, पण हिशोब साठपर्यंतच ठेव. जनरेटर मांडवाच्या थेट मागे, जमिनीच्या बाजूला ठेवलास तर संध्याकाळी धूर दूर जाईल आणि रात्री वारा फिरला की जेवणाच्या टेबलांवर येईल. त्याला बाजूला, लांब ठेव. जोडण्या वाळूपासून उचललेल्या हव्यात आणि गळतीला तुटणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर हवाच. शौचालयं चार तासांच्या कार्यक्रमाला ५० माणसांमागे एक तरी. मावळतीला तिथेच दहा मिनिटं पाय उघडे ठेवून थांब, वाळूमाश्या आहेत की नाहीत ते कळेल. नाल्याचं तोंड जवळ असेल तर ओहोटीला वास येतो.

परवानग्यांसाठी मॅनेजरचा शब्द पुरत नाही. अनेक देशांत भरतीरेषेखालची वाळू सार्वजनिक असते, रिसॉर्टला ती अडवता येत नाही. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यांवर हंगामात बऱ्याच ठिकाणी दिव्यांवर बंदी असते, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. ड्रोन, आवाजाची शेवटची वेळ, फटाके, शेकोटी यांचं प्रत्येकाचं लेखी उत्तर माग.

मॅनेजर दाखवून झालं म्हणाला की त्याचे आभार मान आणि एकट्याने पुन्हा फेरी मार. इलेक्ट्रिशियन, माळी, रखवालदार यांना विचार: मागचा कार्यक्रम कुठे लावला होता, पाणी कुठवर आलं होतं, वीज किती वेळा गेली. खरी उत्तरं तिथे मिळतात.

परत आलास की करारात एक ओळ घालून घे. हवा बिघडली तर आत हलवायचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजेपर्यंत. आत मांडायला चार तास लागत असतील आणि लग्न सहाला असेल, तर दुपारी दोनच्या पुढे तो निर्णय घेऊन उपयोग नाही. निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव लिही, एकच. दोन्ही घरच्यांनी मिळून ठरवायचं असं लिहिलंत तर पाच वाजतील.

तुझा,
दादा